बाहेरून आणलेले सर्च रिझल्ट ठेवायचे कुठं आणि किती वेळ?

या वेळच्या पत्रांमधली चार निवडलीत. चौघांचं दुखणं एकच आहे, दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारून आणलेली माहिती आपल्या वेबसाईटवर थोडा वेळ कशी सांभाळायची. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच येतात.

प्रश्न (राजारामपुरीतून एक वाचक): ताई, आमच्या भागातल्या वाचनालयासाठी पीएचपीत छोटी वेबसाईट करतोय. सभासद पुस्तकाचं नाव टाकतो, आम्ही गूगल बुक्सच्या एपीआयला (एका प्रोग्रामनं दुसऱ्या सेवेकडं माहिती मागायची ठरलेली वाट) विचारतो, आलेली पुस्तकं दहा-दहानं दाखवतो, आणि त्यातलं एखादं निवडून ‘मागणी नोंदवा’ दाबलं की ते खरेदी समितीच्या यादीत जातं. आलेले सगळे रिझल्ट सध्या सेशनमधे, म्हणजे सर्व्हरवर त्या सभासदापुरत्या असलेल्या तात्पुरत्या जागेत, ठेवतोय. एक मित्र म्हणतो डेटाबेसमधे सगळं टाकत जा, आपोआप आपला कॅटलॉग तयार होईल. दुसरा म्हणतो काही ठेवूच नको, दरवेळी नव्यानं विचार. कुणाचं ऐकू सांगा की.

उत्तर: दोघांचंही पूर्ण ऐकू नका, आणि सेशन तर आधी काढा. सांगते का. सभासद एका टॅबमधे ‘राजर्षी शाहू’ शोधतोय, यादी लांबलचक म्हणून ती तशीच ठेवून दुसरा टॅब उघडतो आणि वडिलांसाठी ‘ऊस लागवड’ शोधतो. तुमच्या सेशनमधे रिझल्टला जागा एकच, त्यामुळं तिथं आता ऊस बसला. तो पहिल्या टॅबवर येऊन ‘पुढचं पान’ दाबतो आणि शाहू महाराजांच्या यादीचं दुसरं पान म्हणून त्याला ठिबक सिंचन दिसतं. हे निदान डोळ्याला दिसतं तरी, पण ‘मागणी नोंदवा’ बटणातनं जर ‘यादीतलं तिसरं’ एवढाच आकडा सर्व्हरकडं जात असेल तर समितीकडं भलत्याच पुस्तकाची मागणी जाते आणि पुस्तक दारात आल्यावरच उलगडा होतो. त्यात पीएचपीचं सेशन नेहमीच्या सेटिंगला फाईलमधे असतं आणि एक पान चालू असेपर्यंत ती फाईल लॉक राहते, म्हणजे एका टॅबसाठी गूगलच्या उत्तराची वाट बघणं चालू असेल तर त्याच माणसाचा दुसरा टॅबही ताटकळतो. शिवाय डिफॉल्ट १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं, कुणी हात लावला नाही की ते सेशन साफ व्हायला मोकळं. जेवून आलेला माणूस ‘पुढचं पान’ दाबतो आणि समोर कोरं पान.

म्हणून उत्तर साठवायचं ते प्रश्नाच्या नावानं साठवा, अशा तात्पुरत्या साठ्याला कॅश म्हणतात. शोध गेट रिक्वेस्टनं करा, म्हणजे काय शोधलं आणि कितवं पान हे पत्त्यातच राहतं, बॅक बटण नीट चालतं, आणि तोच पत्ता कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला तरी समोरच्याला तेच पान उघडतं. सर्व्हरवर मायएसक्यूएलमधे एक टेबल पुरे, त्यात चार रकाने, कॅश-की, आलेलं जेसन (एपीआयचं उत्तर ज्या साच्यात येतं तो मजकूर) जसंच्या तसं, कधी आणलं, आणि कधीपर्यंत चालेल. कॅश-की म्हणजे कुठल्या एपीआयला विचारलं, काय विचारलं, कुठली भाषा, कितवं पान, पानावर किती, हे सगळं एका ठरावीक क्रमानं जोडून त्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरनं गणितानं काढलेला छोटा ठसा. विनंती आली की आधी टेबलात बघायचं, असेल आणि मुदत संपली नसेल तर तेच द्यायचं, नसेल तर बाहेर विचारून ठेवायचं आणि मग द्यायचं. मुदत वाचताना प्रत्येक वेळी तपासा, रात्रीचा क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) जुन्या ओळी पुसेल या भरवशावर राहू नका, क्रॉन कधी बंद पडलाय हे महिनोनमहिने कुणाला कळत नाही. रेडिस, म्हणजे मेमरीत चटकन साठवणारं सॉफ्टवेअर, घ्यायला पाहिजे का असंही पत्रात शेवटी विचारलंय. त्याच जातीचं मेमकॅश्ड २००३ मधे लाइव्हजर्नलसारख्या तुफान गर्दीच्या साईटसाठी तयार झालं, रेडिस २००९ मधे आलं, दोन्ही उत्तम आहेत, पण तुमच्या वाचनालयाच्या शेअर्ड होस्टिंगवर ते बहुधा मिळायचं नाही आणि अडायचंही नाही.

आता ठेवायचं किती वेळ, तर हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. गूगलच्या एपीआयच्या सर्वसाधारण अटींमधे स्पष्ट लिहिलंय की त्यांच्या माहितीच्या कायमच्या प्रती करायच्या नाहीत, त्यातनं डेटाबेस उभा करायचा नाही, आणि उत्तरासोबत आलेली सूचना, म्हणजे कॅश हेडर, सांगेल त्यापेक्षा जास्त वेळ प्रत ठेवायची नाही. म्हणजे पहिल्या मित्राचा कॅटलॉग इथंच निकालात निघाला. एपीआयचा पत्ता थेट ब्राउझरमधे उघडून डेव्हलपर टूल्समधे त्या उत्तराचा कॅश-कंट्रोल हेडर आधी वाचा. मॅक्स-एज दिलं असेल तर तेवढे सेकंद. नो-स्टोअर असेल तर ठेवूच नका. प्रायव्हेट असेल तर ते उत्तर एका माणसापुरतं आहे, सगळ्यांच्या सामायिक कॅशमधे जायला नको, अशा वेळी टेबल तेच ठेवा पण कॅश-कीमधे त्या माणसाचा सेशन आयडी जोडा, म्हणजे माणूस वेगळा आणि प्रश्नही वेगळा, दोन टॅबचा घोळ तरीही होत नाही. आणि वेळ अगदीच कमी मिळाला तर दुसऱ्या मित्राचं बरोबर, दरवेळी विचारा, बाकी सगळी रचना तशीच राहते.

कायमचा कॅटलॉग हवाच असेल तर ओपन लायब्ररी ही खुली पुस्तकयादी बघा. त्यांचा सगळा डेटा दर महिन्याला फाईल करून उतरवून घेता येतो, आणि तिथं कुणीही नवीन पुस्तकाची नोंद घालू शकतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुमच्या कपाटात जी जुनी मराठी पुस्तकं आहेत, ज्यांना आयएसबीएनच (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) नाही, ती जगातल्या कुठल्याच यादीत सापडत नसतील तर ती तुम्हीच तिथं घालू शकता, आणि मग गडहिंग्लजच्या किंवा नागपूरच्या वाचनालयालाही ती दिसतील.

मागणीचं टेबल मात्र वेगळं आणि कायमचं. त्यात गूगलचा व्हॉल्यूम आयडी, आणि समितीला कागदावर वाचता येईल इतकं नाव, लेखक, आयएसबीएन. तो तुमच्या सभासदाचा अर्ज आहे, गूगलच्या यादीची नक्कल नाही. बटणातनं फक्त आयडी पाठवा आणि सर्व्हरनं त्या आयडीवरनं पुस्तक स्वतः परत आणून खात्री करावी. नाव-लेखक लपवलेल्या फील्डमधनं पाठवलं की कुणीही ब्राउझरमधे ते बदलून काहीही समितीच्या यादीत घुसवू शकतो.

एक गोष्ट इंग्रजी ट्युटोरियलमधे सापडणार नाही म्हणून सविस्तर सांगते. कॅश-की मराठीत बनवताना दिसायला सारखे शब्द आतनं सारखे नसतात. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हे एकानं टाईप केलं तर त्याच्या कीबोर्डनं ऱ हे एकच अक्षर वापरलं आणि त्याला हलंत लावला, दुसऱ्याच्या कीबोर्डनं साधा र, हलंत आणि मधे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर टाकला. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब, पण बाईट वेगळे, हॅश वेगळा, आणि एकाच प्रश्नासाठी बाहेर दोन फेऱ्या. तसंच ‘ॲ’चं, हे अक्षर युनिकोडमधे २००८ च्या ५.१ आवृत्तीत आलं, त्याआधीची सवय म्हणून अजून कितीतरी जण अ वर चंद्र देऊन लिहितात. पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधे नॉर्मलायझर आहे, त्यानं एनएफसी (सारख्या अक्षरांचं एकच ठरलेलं रूप) करा, त्यामुळं र खाली नुक्ता दिलेला असेल तर त्याचा ऱ होतो, पण वरच्या दोन्ही जोड्या एनएफसी जुळवत नाही. त्या तुम्हाला हातानं बदलाव्या लागतील, र-हलंत-जॉइनरचा ऱ-हलंत, आणि अ-चंद्राचा ॲ. जॉइनर सरसकट पुसून टाकू नका. तो पुसला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि डोंगरातली पुस्तकं शोधणाऱ्याला समुद्राची मिळतात. पुढंमागं आलेल्या स्पेस काढा, मधल्या दोन स्पेसची एक करा, इंग्रजी असेल तर लोअर केस. आयएसबीएन टाकलेला असेल तर डॅश काढून १० अंकी असला तर १३ अंकी करून घ्या, २००७ पासून १३ अंकीच चालतो पण जुन्या पुस्तकांवर १० अंकी छापलेला असतो. बस, एवढंच. ‘कोल्हापुर’ आणि ‘कोल्हापूर’ एक करायच्या नादाला लागू नका, एपीआय त्या दोन्हीला वेगळी उत्तरं देऊ शकतो आणि आपण माणसाला त्यानं न विचारलेलं उत्तर देऊन बसतो.

आणि काहीच सापडलं नाही हेही उत्तरच आहे, तेही ठेवा पण थोडाच वेळ, पाच-दहा मिनिटं, आणि हेडरनं त्याहून कमी सांगितलं असेल तर तेवढाच. बिघाड मात्र ठेवायचा नाही. गूगलकडनं ४२९ आलं, म्हणजे तुम्ही फार वेळा विचारलंत, किंवा ५०० आलं, म्हणजे तिकडं काहीतरी पडलंय, आणि तुमच्या कोडनं ते ‘पुस्तक सापडलं नाही’ म्हणून साठवलं तर मुदत संपेपर्यंत प्रत्येक सभासदाला ते पुस्तक जगात नाहीच असं सांगितलं जाईल. ४२९ सोबत रिट्राय-आफ्टर आलं असेल तर तेवढा वेळ थांबा आणि सभासदाला सरळ लिहून दाखवा की शोधसेवा सध्या बंद आहे, थोड्या वेळानं बघा.

प्रश्न (महाद्वार रोडवरून): अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी जवळचे लॉज, यात्री निवास, पार्किंग दाखवणारी साईट आहे. गूगलच्या प्लेसेस एपीआयवर चालते. नवरात्रात एवढे लोक येतात की बिलाचा आकडा बघून छातीत धडकी भरते. सगळं एकदाच आणून आपल्याकडं ठेवलं तर चालेल का?

उत्तर: सगळं नाही चालत. गूगल मॅप्सच्या अटी वरच्यापेक्षा कडक आणि नेमक्या आहेत. प्लेस आयडी, म्हणजे गूगलनं प्रत्येक जागेला दिलेला ओळखक्रमांक, कितीही दिवस ठेवता येतो, अक्षांश-रेखांश सलग ३० दिवसांपर्यंत, पण लॉजचं नाव, फोन, रेटिंग, फोटो आणून आपल्या टेबलात भरून ठेवणं बसत नाही. प्लेस आयडी १२ महिन्यांपेक्षा जुना झाला तर ताजा करून घ्या असं ते सांगतात, आणि फक्त आयडी मागणाऱ्या विनंतीला पैसे पडत नाहीत.

पण तुम्ही कोल्हापुरात आहात, हे तुमचं बळ आहे. मंदिराभोवतीचे लॉज, बिंदू चौकाचं पार्किंग, हे तुम्ही गूगलला का विचारताय? महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप एवढं पायी फिरा, प्रत्येक लॉजवाल्याला विचारून नाव, फोन, खोल्या, दर, वयस्कर माणसाला जिना चढावा लागतो का, हे लिहून आणा. ती माहिती तुमची, ती कायम ठेवा, तिच्यावर कुणाची अट नाही. नकाशा दाखवायला आणि बाहेरगावच्या भाविकाला रस्ता सांगायला तेवढी प्लेस आयडी वापरा. दरवेळचा शोध असा बंद झाला की बिल आपोआप खाली येईल, आणि भाविकाला मिळणारी माहितीही जास्त खरी असेल.

पत्ता शोधायला ओपनस्ट्रीटमॅपचं नॉमिनॅटिम वापरायचा विचार असेल तर तिथं उलटं आहे, ते म्हणतात उत्तरं स्वतःकडं साठवा, तोच तोच प्रश्न परत परत आम्हाला विचारू नका. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर सेकंदाला जास्तीत जास्त १ विनंती, तुमच्या साईटची ओळख देणारा यूजर-एजंट पाहिजे, टाईप करता करता सुचवणारा शोध त्यावर चालवायचा नाही, आणि नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपचा नामोल्लेख करायचा.

जिथं उत्तरं साठवायची परवानगी आहे तिथंही गर्दीची एक खास अडचण आहे, तीही बघून ठेवा. अष्टमीच्या संध्याकाळी सगळे एकच शोधतात, ‘मंदिराजवळ पार्किंग’. त्या उत्तराची मुदत नेमकी ८ वाजता संपली, आणि त्याच क्षणी दोनशे जणांनी विचारलं, तर दोनशेही विनंत्यांना कॅश रिकामी दिसते आणि दोनशेही बाहेर धावतात. ऑफिसात चहा संपला की एक जण आणायला जातो, सगळे उठत नाहीत, तसं करायचं. पहिल्या विनंतीनं त्या कॅश-कीवर लॉक घ्यावा, बाकीच्यांनी तोवर जुनं उत्तर दाखवावं किंवा सेकंदभर थांबून परत बघावं. लॉकलाही मुदत द्या, नाहीतर लॉक घेतलेली विनंती मधेच मेली की सगळे कायमचे थांबतात. आणि सगळ्या उत्तरांना एकसारखी मुदत देऊ नका, १० मिनिटं ठरवली असतील तर प्रत्येकीत एखाद-दोन मिनिटं मागंपुढं करा, म्हणजे सगळी एकदम शिळी होत नाहीत. पार्किंगमधे आत्ता किती जागा आहे हे मात्र साठवून दाखवायचं असेल तर मिनिटभरापुरतंच, आणि शेजारी वेळ लिहा. गाडी घेऊन आलेल्या माणसाला जुना आकडा दाखवून बिंदू चौकात अडकवणं वाईट.

प्रश्न (इचलकरंजीतून): आमच्या तालमीच्या साईटवर कुस्त्यांचे व्हिडिओ शोधायची सोय केलीय, यूट्यूबच्या एपीआयवरनं. सकाळी चालतं, नंतर कोटा संपला म्हणून येतं, आणि दुपारी जेवणानंतर कधीतरी परत सुरू होतं. असं का?

उत्तर: यूट्यूब रोज १०,००० युनिट देतं आणि एक शोध १०० युनिट खातो, म्हणजे दिवसाला १०० शोध, आणि पुढचं पान मागितलं की तोही एक शोध. हा कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नव्यानं भरतो, ती आपल्याकडं उन्हाळी वेळ असताना दुपारी साडेबारा आणि त्यांच्या हिवाळ्यात दीड. तुमचं ‘जेवणानंतर’ ते हेच. दोन-चार प्रोजेक्ट करून दोन-चार कोटे वापरायचा सल्ला कुणी दिला असेल तर ऐकू नका, यूट्यूबच्या नियमात ते बसत नाही आणि सगळंच बंद होऊ शकतं.

तुम्हाला मुळात अख्ख्या यूट्यूबवर शोधायचंच नाहीये. कुस्त्या टाकणारी चॅनेल तुम्हाला माहीत आहेत, खासबागेतली मैदानं कोण टाकतं, गावच्या जत्रेतली कोण टाकतं. प्रत्येक चॅनेलची माहिती एकदा मागवा, त्यात त्याच्या अपलोड्स प्लेलिस्टचा आयडी मिळतो, आणि त्या प्लेलिस्टमधले ५० व्हिडिओ एका विनंतीत फक्त १ युनिटला येतात. कालावधी, व्ह्यूज वगैरे पाहिजे असेल तर ५० आयडी एकत्र देऊन परत १ युनिट. रात्री एकदा हे आणून ठेवा आणि पैलवानाचं किंवा गावाचं नाव कुणी टाकलं की तुमच्याच टेबलात शोधा, बाहेर जायचंच नाही. यूट्यूबची अट अशी की साठवलेली ही माहिती ३० दिवसांत ताजी करा नाहीतर पुसा, रोज रात्री सगळी यादी आणत असाल तर ती आपोआप पाळली जाते. फक्त चॅनेलवाल्यानं काढून टाकलेला व्हिडिओ तुमच्या यादीतनंही जाईल असं बघा, ज्याची कुस्ती आहे त्याला ती कधीकधी दाखवायची नसते.

प्रश्न (कागलची एक विद्यार्थिनी): कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतेय. सर्व्हर नकोच, ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमधे रिझल्ट ठेवले तर?

उत्तर: प्रोजेक्टपुरतं चालेल गं, पण तीन गोष्टी बघ. सर्व्हर नाही म्हणजे एपीआयची गुप्त की (तुझी ओळख पटवणारा परवलीचा कोड) ब्राउझरमधे उघडी पडते, कुणीही काढून घेतं, म्हणून अशी की न लागणारा एपीआय निवड, ओपन लायब्ररीचा शोध त्यातला आहे. दुसरं, लोकलस्टोरेजला मुदत नसते, साधारण ५ एमबी भरलं की नवीन लिहिताना एरर येते, म्हणून प्रत्येक नोंदीत वेळ लिहून ठेव आणि वाचताना जुनी स्वतः काढ. फक्त बॅक केल्यावर यादी दिसायला हवी असेल तर सेशनस्टोरेज बरं, ते प्रत्येक टॅबचं वेगळं असतं आणि टॅब बंद केला की जातं. कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर दहा जणी वापरतात, तिथं लोकलस्टोरेजमधे मागच्या मुलीनं काय शोधलं ते पुढचीला दिसतं, हेही लक्षात घे.

तिसरं, टाईप करताना प्रत्येक अक्षराला विनंती पाठवू नकोस. निदान तीन अक्षरं होऊ दे, आणि बोट थांबल्यावर ३०० मिलिसेकंद गेले की मग पाठव. मराठी टाईप करताना फोनवर आधी रोमन अक्षरं उमटतात आणि मग त्यांचा ‘कोल्हापूर’ होतो, मधल्या त्या अर्धवट तुकड्यांच्या विनंत्या फुकट जातात आणि तुझं स्टोरेजही कचऱ्यानं भरतं. ब्राउझर कॉम्पोझिशनएंड नावाचा इव्हेंट देतो, शब्द पक्का झाला की तो येतो. तो आल्यावरच शोध सुरू कर, आणि काही कीबोर्ड तो नीट देत नाहीत म्हणून शोधाचं बटणही शेजारी ठेव.